खोडता येईल अशी नोंद

विल्टशर परगण्यातल्या येटन केनेल या खेड्यात सतराव्या शतकात स्टम्प आडनावाचा एक पाद्री होता. घरी खाशी बिअर गाळली की पिंपाच्या भोकावर मातीचे लिंपण करण्याआधी तो आत एक जुने चर्मपत्र कोंबायचा. इतके पक्के बूच दुसऱ्या कशाचेच होत नाही, असे त्याचे म्हणणे. ही चर्मपत्रे जवळच्या माम्सबरीच्या मठातली, साधूंनी हाताने उतरवलेल्या पोथ्यांची पाने होती. पाद्र्याच्या मुलांना ती बंदुका घासायला उपयोगी पडत आणि आसपासच्या शाळकरी पोरांच्या पुस्तकांना त्यांचीच वेष्टने असत. हे आज आपल्याला कळते, कारण त्या पोरांपैकी एकाला ते पाहून वाईट वाटले आणि मोठेपणी त्याने ते लिहून ठेवले. त्याचे नाव जॉन ऑब्री (१६२६–१६९७).

या पाद्र्याचा पणजा विल्यम स्टम्प हा कापडाचा बडा व्यापारी. आठव्या हेन्रीने मठ बंद केले तेव्हा त्याने माम्सबरीचा मठ विकत घेऊन तिथे माग बसवले. हेही आपल्याला कळते, कारण १५४०च्या सुमारास जॉन लेलंड हा गृहस्थ फिरत फिरत तिथे पोहोचला होता. मठाच्या जुन्या कोठारांचा कोपरान् कोपरा मागांनी भरून गेला आहे आणि गावात वर्षाला ३००० ठाणे कापड निघते, असे त्याने टिपून ठेवले. एकाच मठाच्या वाताहतीचे हे दोन साक्षीदार, शंभर वर्षांच्या अंतराने आलेले. दोघांचीही मोठी पुस्तके त्यांच्या हयातीत पुरी झाली नाहीत. ज्ञानाच्या इतिहासात दोघांनाही बराच काळ हौशी, विस्कळीत, थोडेसे विक्षिप्त म्हणून बाजूला बसवले गेले. मला मात्र वाटते की भूतकाळाशी प्रामाणिकपणे कसे वागावे याचा पहिला धडा इंग्लंडने याच माणसांकडून घेतला, आणि तो त्यांच्या निष्कर्षांतून घेतलेला नाही. त्यांचे निष्कर्ष तर बरेचसे चुकले.

हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात इंग्लंड-वेल्समधले आठशेच्या आसपास मठ मोडले. जमिनी आधी राजाकडे आणि तिथून सरदार-सावकारांकडे गेल्या. छपरांवरचे शिसे वितळवून विकले गेले. पोथ्यांना वाली उरला नाही. जॉन बेल हा प्रॉटेस्टंट लेखक मठांचा हाडवैरी, पण जे दिसले ते त्यालाही सोसवले नाही. किराणावाले आणि साबणविके पोथ्या रद्दी म्हणून घेतात, कोणी पानांनी मेणबत्तीदाने घासतो, कोणी जोडे पुसतो, आणि परदेशी पुस्तकबांधणीवाल्यांकडे तर त्या जहाजे भरून जातात, असे त्याने १५४९ साली कळवळून लिहिले. लेलंडला मठांची ग्रंथालये पाहण्याची राजाज्ञा १५३३ मध्येच मिळाली होती. म्हणजे भरलेली कपाटे आणि नंतरचे रिकामे दगड, दोन्ही पाहणारा हा माणूस. मग त्याने वर्षानुवर्षे सारा देश पालथा घातला. नद्या, पूल, किल्ले, बाजार, थडग्यांवरचे लेख, लोकांच्या तोंडच्या गोष्टी, जे दिसेल आणि ऐकू येईल ते तो उतरवीत गेला. १५४६च्या नववर्षदिनी त्याने राजाला पुढच्या ग्रंथांचा भलामोठा संकल्प सादर केला. पुढच्याच वर्षी त्याचे मन ढळले ते कायमचे, आणि १५५२ मध्ये तो वारला. मागे राहिली ती टिपणे. ती हातोहाती फिरली, काही फाटली, काही भिजली. ती छापून निघायला १७१० साल उजाडले.

त्या काळी इतिहास म्हणजे राजे आणि लढाया यांची प्रौढ भाषेत सांगितलेली कथा. वाचून सरदारपुत्रांनी राज्यकारभार शिकावा अशी. गंजलेले नाणे, भग्न शिलालेख, जुन्या दानपत्राची मोहोर यांत रमणाऱ्याला इतिहासकार म्हणत नसत. अशा माणसाला अँटिक्वेरी म्हणत, आणि सतराव्या शतकात तो टिंगलीचा ठरीव विषय होता. जॉन अर्लने १६२८ साली स्वभावचित्रांचे जे पुस्तक काढले त्यात असा एक जुन्यापुराण्यावर भाळलेला माणूस आहेच. या दोन जातींमधली दरी कशी पडली आणि आधुनिक इतिहासशास्त्र दोघांच्या मीलनातून कसे जन्मले, हे आर्नाल्दो मोमिल्यानो यांनी १९५० मध्ये एका निबंधात उलगडून दाखवले. तो निबंध आजही वाचावा असा आहे. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. या मंडळींतल्या चांगल्या माणसांना एक सवय लागली होती: डोळ्यांनी पाहिले ते एकीकडे आणि त्यावरून आपल्याला वाटते ते दुसरीकडे. ही सवय जिथे टिकली तिथे त्यांचे लिखाण आजही उपयोगी पडते. जिथे सुटली तिथे त्यांनी भूतकाळाचे नुकसान केले, कधी कधी चर्मपत्राचे बूच करणाऱ्या पाद्र्याहूनही जास्त.

आधी सवय टिकल्याचे उदाहरण घेऊ. जॉन स्टो हा लंडनचा शिंपी. विद्यापीठ त्याने पाहिले नव्हते. पैसा जुन्या पुस्तकांत घातला आणि म्हातारपण हलाखीत काढले. शेवटी राजाने त्याला लोकांकडून मदत गोळा करण्याचा परवाना दिला, इतकीच काय ती राजकृपा. १५६९ साली त्याच्या घराची झडती झाली होती, संशयास्पद पुस्तके बाळगतो म्हणून. त्याच्या ‘सर्व्हे ऑफ लंडन’मध्ये (१५९८) स्पिटलफील्ड्सची हकिगत आहे. १५७६ साली तिथे विटांसाठी माती खणताना अस्थिकुंभ निघू लागले. कुंभांत राख आणि हाडे, सोबत क्लॉडियस, नीरो, व्हेस्पेशियन अशा रोमन सम्राटांची नाणी. तिथेच काही सांगाडेही निघाले आणि त्यांच्याजवळ लोखंडी खिळे, गाडीच्या चाकाला मारतात तसे, बोटाएवढे जाड आणि वीतभर लांब. कवट्यांपाशी खिळे दिसताच गावात बोलवा उठली की डोक्यात खिळे ठोकून या माणसांचे खून पाडले.

स्टो जागेवर गेला आणि खिळे हातात घेऊन पाहिले. खिळ्याच्या रुंद माथ्याखाली लाकूड चिकटलेले होते. अर्धवट माती झालेले, तरी त्याच्या रेषा आणि रंग ओळखू येत होते. म्हणजे हे खिळे लाकडी शवपेटीचे. शिवाय, तो म्हणतो, असले दुष्ट काम करायचे तर लहान खिळा पुरला असता, आणि पुरायलाही कोणी आडजागा शोधली असती. त्याने एक खिळा आणि एका माणसाचा खालचा जबडा घरी नेला. आज उत्खनन करणाऱ्याला याहून वेगळे काय शिकवतात? वस्तू कुठे आणि कशासोबत सापडली, तिच्यावर काय चिकटले आहे, आणि लोक जे सांगतात ते त्या चिकटलेल्या गोष्टीशी जुळते का. अफवाही त्याने नोंदली, तिच्याविरुद्धचा पुरावाही नोंदला. उद्या कोणाला स्टोचा तर्क चुकीचा वाटला तर तो खोडायला लागणारा ऐवज स्टोनेच हाती ठेवला आहे.

विल्यम कॅमडेनचे (१५५१–१६२३) नाव या सगळ्यांत मोठे. वेस्टमिन्स्टर शाळेत शिकवता शिकवता सुट्ट्यांमध्ये भटकून त्याने ‘ब्रिटानिया’ लिहिले. १५८६ साली ते लॅटिनमध्ये निघाले आणि पुढे वाढत वाढत गेले. त्यासाठी तो वेल्श आणि अँग्लो-सॅक्सन शिकला, कारण गावांची नावे त्या भाषांतूनच उलगडणार होती. केंटच्या किनाऱ्यावर रिचबरो इथे रोमन वसाहत होती. कॅमडेनच्या वेळी तिथे शेती होती. त्याने लिहिले आहे की पीक वर आले की शेतात एकमेकांना छेदणाऱ्या गल्ल्यांच्या रेषा दिसतात, कारण जिथे रस्ता होता तिथे पीक विरळ येते. गावकरी त्या रेषांना संत ऑगस्टिनचा क्रूस म्हणत. पिकाच्या दाटी-विरळीवरून जमिनीखालची वस्ती ओळखण्याचे हे तंत्र पुढे १९२०च्या दशकात विमानातून काढलेल्या छायाचित्रांमुळे पुरातत्त्वाचा आधारस्तंभ बनले. कॅमडेनजवळ विमान नव्हते. बांधावर उभे राहून पाहण्याचा धीर होता आणि शेतकरी काय म्हणतो ते ऐकण्याची तयारी होती. हेड्रियनच्या भिंतीचा एक भाग दरोडेखोरांच्या भीतीने आपल्याला नीट पाहता आला नाही, असेही तो सरळ सांगून टाकतो. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लिहायचे नाही, ही शिस्त त्या काळात सगळीकडे नव्हती.

या माणसांना आपला देश प्रिय होता, हे विसरून चालणार नाही. प्रश्न असा की पुरावा प्रेमाच्या आड आला तेव्हा त्यांनी काय केले? ट्रॉयहून आलेल्या ब्रूटसने ब्रिटन वसवले आणि आर्थर राजाने रोमपर्यंत धडक मारली, ही कथा मॉन्मथच्या जेफ्रीने बाराव्या शतकात लिहिली आणि सगळ्यांनी ती खरी मानली. पॉलिडोर व्हर्जिल या इटालियन विद्वानाने १५३४ साली छापलेल्या इतिहासात तिच्यावर शंका घेतली, तेव्हा लेलंड खवळून उठला आणि १५४४ मध्ये आर्थरच्या समर्थनार्थ पुस्तक घेऊन उतरला. ते पुस्तक आज केवळ कुतूहलापुरते उरले आहे. पण सॉमरसेटमधल्या साउथ कॅडबरीच्या टेकडीवर जाऊन त्याने जे टिपले ते निराळे आहे: वर तटबंदी, नांगरताना सापडणारी रोमन नाणी, सापडलेली एक चांदीची नाल, आणि आर्थर इथे येत असे हे लोकांचे म्हणणे, लोकांचे म्हणणे म्हणूनच. १९६६ ते १९७० या काळात लेस्ली अल्कॉक यांनी ती टेकडी खणली तेव्हा रोमनोत्तर काळात पुन्हा भक्कम केलेला विस्तीर्ण गड उघडा पडला. याने आर्थर सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच, की चिडलेल्या लेलंडपेक्षा चालणारा लेलंड भरवशाचा होता.

कॅमडेन ब्रूटसच्या बाबतीत फार संयमाने वागला. भांडण न करता त्याने ती कथा बाजूला ठेवली आणि नाणी, शिलालेख, स्थलनामे यांच्याकडे वळला. आणि तरीही हाच कॅमडेन एके ठिकाणी घसरला. ती हकिगत जरा सविस्तर सांगतो, कारण या साऱ्या परंपरेचे मोठेपण आणि दोष तिच्यात एकत्र आले आहेत.

नवव्या शतकातला आल्फ्रेड राजा इंग्रजांचा लाडका. त्याचे चरित्र त्याच्या दरबारातल्या अ‍ॅसर या वेल्श साधूने ८९३च्या सुमारास लॅटिनमध्ये लिहिले. त्याची मध्ययुगातून वाचलेली प्रत एकच, सुमारे इसवी सन १००० मधली. ती आर्चबिशप मॅथ्यू पार्करच्या (१५०४–१५७५) हाती आली. मठांच्या पडझडीतून पोथ्या वाचवण्यात पार्करइतके काम कोणी केले नाही. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजला त्याने आपला संग्रह दिला तो अशा अटीवर, की दरवर्षी मोजदाद व्हावी आणि ठरावीक संख्येहून जास्त पोथ्या हरवल्या तर सगळा संग्रह दुसऱ्या कॉलेजकडे जावा. संग्रह आजही तिथेच आहे. पण पार्करला या पोथ्यांतून काही सिद्ध करायचे होते: इंग्लंडचे प्राचीन चर्च रोमच्या पोपच्या मानाने आपल्या नव्या प्रॉटेस्टंट चर्चला जवळचे होते. त्यामुळे पोथ्यांकडे तो मालकाच्या नजरेने पाहत असे. त्याच्या हाताखालची माणसे गहाळ पाने भरून काढत, लाल खडूने खुणा करत. अ‍ॅसरचे चरित्र त्याने १५७४ मध्ये छापले तेव्हा बाराव्या शतकातल्या एका वेगळ्याच बखरीतला मजकूर त्यात घातला, कारण तीही अ‍ॅसरचीच असावी असे त्याला वाटत होते. गवळणीच्या झोपडीत लपलेल्या राजाने भाकऱ्या करपवल्या, ही प्रत्येक इंग्रज मुलाला ठाऊक असलेली गोष्ट अशी अ‍ॅसरच्या तोंडी आली. ती प्रक्षिप्त आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी कॅमडेनने तेच चरित्र पुन्हा छापले आणि त्यात आणखी एक परिच्छेद आला. आल्फ्रेडच्याही आधीपासून ऑक्सफर्डला विद्यापीठ होते असे त्यावरून सिद्ध होत होते. केंब्रिज आणि ऑक्सफर्ड यांच्यात तेव्हा वडीलपणावरून हातघाई चालू होती, आणि कॅमडेन ऑक्सफर्डचा. तो परिच्छेद बनावट होता. कॅमडेनने तो स्वतः रचला असे मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या माणसाने ब्रूटसच्या कथेला दाराबाहेर उभे केले, त्याने या एका परिच्छेदाला ओळख न विचारता आत घेतले, कारण तो हवाहवासा होता.

पुढे अ‍ॅसरची मूळ प्रत रॉबर्ट कॉटनच्या (१५७१–१६३१) संग्रहात गेली. कॉटन कॅमडेनचा शिष्य आणि मित्र. त्याच्या कपाटांवर रोमन सम्राटांचे अर्धपुतळे होते आणि पोथ्यांचे क्रमांकही त्या सम्राटांच्या नावांनी पडले. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजीतल्या काव्याची एकमेव पोथी आजही व्हिटेलियस नावाने ओळखली जाते. १२१५च्या मॅग्ना कार्टाच्या आज उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी दोन त्याच्याकडे होत्या. त्या काळच्या राजांना असल्या संग्रहाची धास्ती वाटणे साहजिक होते. जुनी कागदपत्रे संसदेचे हक्क सांगत होती. अँटिक्वेरींची जी मंडळी १५८६च्या सुमारापासून लंडनमध्ये जमून निबंध वाचत, ती १६०७च्या सुमारास थांबली. १६१४ मध्ये त्यांनी पुन्हा जमायचे ठरवले, राज्यकारभार आणि धर्म यांत हात घालणार नाही असा नेमही केला, तरी पहिल्या जेम्सची मर्जी नाही असे कळल्यावर बेत सोडून दिला. पहिल्या चार्ल्सने १६२९ मध्ये कॉटनच्या ग्रंथालयाला टाळे लावले. ते उघडण्याआधीच कॉटन वारला.

संग्रह देशाला मिळाला, पण २३ ऑक्टोबर १७३१ रोजी ज्या अ‍ॅशबर्नम हाउसमध्ये तो ठेवला होता त्याला आग लागली. बेओवुल्फ कडेने करपले. अ‍ॅसर जळून गेला. ‘बॅटल ऑफ मॉल्डन’ हे जुन्या इंग्रजीतले युद्धकाव्यही गेले.

ते काव्य आज आपण वाचतो ते एका नकलेमुळे. आगीच्या काही वर्षे आधी कोणी ते उतरवून घेतले होते आणि टॉमस हर्नने १७२६ मध्ये छापले होते. अ‍ॅसरचेही तसेच. १७२२च्या फ्रान्सिस वाइजच्या आवृत्तीसाठी मूळ प्रतीशी ताडून पाठभेद टिपले गेले होते आणि पहिल्या पानाचा हुबेहूब नमुना छापला होता. त्यामुळे १९०४ साली विल्यम स्टीव्हन्सन यांना पार्करची भर कोणती, कॅमडेनचा परिच्छेद कोणता आणि अ‍ॅसरचे शब्द कोणते हे वेगळे काढता आले. मूळ प्रत राखेत गेल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी! पार्करने पोथी जतन केली नसती तर अ‍ॅसर कदाचित दोन शतके आधीच गेला असता, हे खरे. त्याने मूळ आणि भर यांच्यात रेघ ओढली असती तर सव्वातीनशे वर्षे इतिहासकारांची दिशाभूल झाली नसती, हेही तितकेच खरे. दोन्ही हिशेब एकाच माणसाच्या नावावर मांडावे लागतात, आणि एकाने दुसरा फिटत नाही असे मला वाटते.

ही रेघ पुसली जाण्याचा सर्वांत क्लेशदायक प्रकार विल्यम स्टकलीच्या (१६८७–१७६५) बाबतीत घडला. एव्हबरीचे प्रचंड शिलावर्तुळ ऑब्रीने १६४९च्या जानेवारीत शिकारीला गेला असताना पाहिले होते आणि पुढे मोजून त्याचा नकाशा काढला होता. स्टोनहेंज कोणी रोमनांचे मानी, कोणी डेन लोकांचे. ऑब्रीचा युक्तिवाद साधा आणि जबरदस्त होता: असली वर्तुळे स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड इथेही आहेत, तिथे रोमन, सॅक्सन, डेन या सर्वांची सत्ता कधीच पोहोचली नव्हती, तेव्हा ती मूळच्या रहिवाशांचीच असणार. स्टकलीने ऑब्रीची टिपणे वाचली आणि १७१८ ते १७२४ दरम्यान वारंवार एव्हबरीला जाऊन राहिला. त्याच वर्षांत गावातले लोक शिळा फोडत होते: खड्डा खणून शिळा आडवी पाडायची, खाली पेंढा पेटवायचा, तापली की गार पाणी ओतून घणाचा घाव घालायचा. डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या प्रत्येक दगडाची जागा स्टकलीने मापून ठेवली. १९३०च्या दशकात अलेक्झांडर कायलर यांनी एव्हबरीचे पडलेले दगड पुन्हा उभे केले तेव्हा या टिपणांचा मोठा आधार होता.

पण पुढे स्टकली धर्मोपदेशक झाला, आणि ड्रुइड हे प्राचीन ब्रिटनचे पुरोहित बायबलमधल्या आदिपुरुषांच्या धर्माचे वारस होते या कल्पनेने त्याला पछाडले. एव्हबरीची सारी रचना म्हणजे एक महासर्प, असे त्याला दिसू लागले. ओव्हरटन टेकडीवरची ‘सँक्च्युअरी’ नावाची शिलावर्तुळे हे त्या सर्पाचे डोके. तिथे जागेवर काढलेल्या नकाशात त्याने गोल वर्तुळे दाखवली होती. १७४३ साली पुस्तक छापताना ती लंबगोल झाली, कारण सापाचे डोके गोल नसते. दगड तर १७२४ मध्येच उखडले गेले होते. पडताळून पाहायला कोणी जाऊ शकत नव्हते. १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी तिथे उत्खनन केले आणि दगडांचे खड्डे सापडले. वर्तुळे गोलच होती. तरुण स्टकलीची वही खरी निघाली, प्रौढ स्टकलीचे पुस्तक खोटे. वही त्याने फाडून टाकली नाही, याबद्दल मी त्याला मनापासून धन्यवाद देतो.

आक्षेप येईल की नोंद करणारा निवडतोच; जे पाहायचे ठरवले तेच दिसते. मान्य. या मंडळींच्या परगणा-इतिहासांत जमीनदारांच्या वंशावळी आणि ढालींवरची चिन्हे पानोपानी आहेत, कुळे आणि मजूर क्वचितच. स्त्रियांना तर या वर्तुळात जागाच नव्हती. एलिझाबेथ एल्स्टॉबने १७१५ मध्ये अँग्लो-सॅक्सनचे इंग्रजीत लिहिलेले पहिले व्याकरण छापले. त्याच वर्षी तिचा भाऊ वारला, आधार तुटला आणि ती विद्येच्या जगातून जवळजवळ नाहीशी झाली. पुढे लहान मुलांची शाळा चालवून तिने पोट भरले. लंडनची सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज १७०७ मध्ये पुन्हा जमू लागली, १७५१ मध्ये तिला राजसनद मिळाली, पण एल्स्टॉबसारखीला तिचे दार बंदच होते. एल्स्टॉबने वीस-तीस वर्षे आणखी काम केले असते तर काय झाले असते, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

निवडीचा हा दोष देशाबाहेर जास्तच उघडा पडतो. याच सोसायटीच्या ‘आर्किओलॉजिया’ या नियतकालिकाच्या १७८५च्या सातव्या खंडात मुंबईजवळच्या लेण्यांची वर्णने आली. त्यांत कॅप्टन पाइकने १७१२ साली मुंबई बंदरात जहाजावर लिहिलेला घारापुरीचा वृत्तांतही आहे. सोसायटीचा संचालक रिचर्ड गॉफ याने त्याच वर्षी साष्टीच्या लेण्यांवर तौलनिक पुस्तक काढले आणि चार वर्षांनी कॅमडेनच्या ‘ब्रिटानिया’चा इंग्रजी तर्जुमा भर घालून छापला. रिचबरोचे शेत आणि साष्टीची लेणी एकाच टेबलावर आली होती. पण कॅमडेनने शेतकऱ्याला विचारले होते आणि शेतकऱ्याची भाषा त्याची स्वतःची होती. घारापुरीच्या मूर्ती कोणाच्या, हे सांगू शकणारे लोक बेटावर आणि समोरच्या किनाऱ्यावर राहत होते. लंडनमध्ये बसून ग्रीस-इजिप्तशी तुलना करणाऱ्यांपर्यंत त्यांचे म्हणणे फारसे पोहोचले नाही. मोजमापे उपयोगी पडली, अर्थ लावणे बहुतांशी वाया गेले. घारापुरीला ज्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटले तो दगडी हत्ती १८१४ मध्ये ढासळू लागला. त्याचे तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याआधी तो बेटावर कसा उभा होता हे शोधायचे तर जुन्या प्रवाशांची वर्णने आणि चित्रेच चाळावी लागतात.

आणि अर्थ चुकला किंवा पुरता लागला नाही तरी वस्तू आणि तिची जागा नोंदलेली असली तर काय होते, याची इंग्लंडमधलीच दोन उदाहरणे आहेत. १६७९च्या सुमारास ग्रेज इन लेनजवळ जॉन कॉनयर्स या औषधविक्याला हत्तीच्या हाडांपाशी एक टोकदार गारगोटीचे हत्यार सापडले. सम्राट क्लॉडियसने आणलेल्या हत्तीला कोणा ब्रिटनने याने मारले असेल, असे त्याचा मित्र जॉन बॅगफर्ड याने पुढे लिहिले. बायबलच्या हिशेबाने जगाचे वय जेमतेम सहा हजार वर्षे धरणाऱ्या काळात हाती असलेला हत्ती रोमनांचाच होता. हत्यार ब्रिटिश म्युझियममध्ये जपले गेले; ते लाखो वर्षांपूर्वीचे आहे हे ओळखायला पुढे दोन शतके जावी लागली.

जॉन फ्रियर हा जमीनदार अधिक सावध निघाला. सफकमधल्या हॉक्सनच्या वीटखाणीत बारा फूट खोल गारगोटीची हत्यारे निघाली. त्याने १७९७ मध्ये सोसायटीला पत्र लिहिले. त्यात थरांचा क्रम आहे: वर माती, मग चिकणमाती, मग शिंपल्यांची वाळू, तिच्यात अनोळखी प्रचंड हाडे, आणि त्याखाली हत्यारे. या वस्तूंचे महत्त्व त्या जिथे सापडल्या त्या जागेमुळे आहे, हे त्याने आरंभीच सांगितले. त्या फार फार प्राचीन, आजच्या जगाच्याही आधीच्या काळातल्या असाव्यात असे मनात येते, इतकेच म्हणून तो थांबला. पत्र १८००मध्ये छापले, आभार मानले गेले, हत्यारे कपाटात गेली. साठेक वर्षे कोणी त्यांचे नाव घेतले नाही. १८५९ मध्ये जॉन इव्हान्स फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यातली तशीच हत्यारे पाहून लंडनला परतले, तेव्हा सोसायटीच्या खोल्यांमध्ये त्यांना फ्रियरची हत्यारे दिसली. इव्हान्स आणि जोसेफ प्रेस्टविच यांनी फ्रियरचे पत्र काढले, हॉक्सनची वीटखाण गाठली आणि पत्रात लिहिलेले थर तिथल्या जमिनीशी एकेक करून ताडून पाहिले. ते जुळले.